‘मला चित्र येत नाही’

पहिली-दुसरीतल्या मुलाला लग्नाची पंगत काढायला सांगितली तर कागदावर काय उतरतं, ते पाहण्यासारखं असतं. पत्रावळी गोल, अगदी वरून पाहिल्यासारख्या. भाताची मूद, जिलेबी, आमटीचा द्रोण, सगळं वरूनच. जेवणारी माणसं मात्र समोरून काढलेली. एका रांगेतल्या माणसांची डोकी कागदाच्या वरच्या कडेला, दुसऱ्या रांगेतल्यांची खालच्या कडेला. कागद फिरवल्याशिवाय खालची रांग सरळ दिसायचीच नाही. मोठी माणसं हसतात. ‘अरे, ही मंडळी जेवताहेत की झोपलीत?’ असं कुणीतरी विचारतं आणि पुढच्या वेळी ते मूल पंगत काढायच्या फंदात पडत नाही.

खरं तर या चित्रात चूक काहीच नाही. पत्रावळ गोल असते, माणसाला दोन डोळे असतात, पंगतीत दोन रांगा समोरासमोर बसतात. मुलाला या तिन्ही गोष्टी ठाऊक आहेत आणि त्या तिन्ही त्याला सांगायच्या आहेत. एका जागी उभं राहून काढलेला फोटो त्या एकदम सांगू शकत नाही, कारण त्यात पत्रावळ चपटी दिसते आणि जवळच्या रांगेची पाठच दिसते. म्हणून मुलानं प्रत्येक वस्तू ती जिथून सगळ्यात स्पष्ट कळते तिथून काढली.

हीच युक्ती सुमारे ३,४०० वर्षांपूर्वी इजिप्तच्या चित्रकारांनी वापरली होती. नेबामुन नावाच्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यातलं बागेचं भित्तिचित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात तळं वरून पाहिलेलं आहे, पण त्यातली बदकं, मासे आणि काठावरची झाडं बाजूनं पाहिलेली आहेत. तळ्याच्या एका कडेची झाडं तर चक्क आडवी आहेत. आपल्याकडच्या लघुचित्रांत गालिचा वरून दिसतो आणि त्यावर बसलेला राजा बाजूनं. जगातल्या फार मोठ्या चित्रपरंपरेनं जे मान्य केलं, ते सात वर्षांच्या पोरानं केलं की आपल्याला हसू येतं.

चित्र काढणं हे चालण्या-बोलण्याइतक्याच सहजपणे मुलांकडे येतं. प्रश्न असतो तो पुढचा. हेच मूल सहावी-सातवीत पोचेपर्यंत ‘मला चित्र येत नाही’ असं का म्हणू लागतं? आणि आठवड्याला एक-दोन तास मिळणाऱ्या चित्रकलेच्या शिक्षकाला त्यावर काय करता येईल?

रेघोट्यांपासून माणसापर्यंत

मुलांच्या चित्रांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहायला सुरुवात झाली ती एका पावसामुळे. १८८२-८३च्या हिवाळ्यात कोर्रादो रिच्ची हा इटालियन अभ्यासक बोलोन्या शहरात पाऊस चुकवायला एका कमानीखाली थांबला. भिंतीवर पोरांनी केलेली चितारी होती. वेळ घालवायला तो ती पाहू लागला आणि त्याच्या लक्षात आलं की मोठ्यांनी वर काढलेल्या ओंगळ चित्रांपेक्षा खालची, लहान मुलांच्या हाताच्या उंचीवरची चित्रं कितीतरी वेगळी आहेत. १८८७ साली त्यानं मुलांच्या कलेवर पुस्तक लिहिलं. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज-आंरी ल्यूके यानं स्वतःच्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जपली, अभ्यासली आणि असं मांडलं की मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, मनाला ठाऊक असतं ते काढतं. पंगतीतल्या पत्रावळीचं कोडं ल्यूकेच्या या म्हणण्यानं सुटतं.

सुरुवात होते ती दीड-दोन वर्षांच्या वयात, रेघोट्यांनी. भिंतीवर, फरशीवर, ताईच्या गृहपाठाच्या वहीवर. सॅन फ्रान्सिस्कोच्या बालवाड्यांत काम करणाऱ्या रोडा केलॉग यांनी जगभरातली सुमारे दहा लाख बालचित्रं जमवली आणि या रेघोट्यांतही वीस मूळ प्रकार असल्याचं दाखवलं. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी, गुंडाळी अशी ही बाराखडी. बाळाच्या बोबड्या बोलांना जसं कुणी अशुद्ध म्हणत नाही, तसंच या रेघांना ‘गिरगटलंय नुसतं’ म्हणायचं कारण नाही.

मग एके दिवशी गुंडाळीचं तोंड जुळतं आणि बंद गोल तयार होतो. त्या गोलात दोन ठिपके पडले की डोळे होतात, खाली दोन रेघा आल्या की पाय. डोक्यालाच हातपाय फुटलेला हा माणूस तीन-चार वर्षांची मुलं जगभर काढतात. पाच-सहाव्या वर्षी कागदाच्या तळाशी एक आडवी रेघ येते. ती जमीन. तिच्यावर घर, झाड, आई, मांजर ओळीनं उभी राहतात. वर एक निळी पट्टी, ते आकाश. मधली जागा मोकळी. तिथे हवा आहे, असं मूल शांतपणे सांगतं.

याच वयात आकारांचं माप महत्त्वावर ठरतं. आई घराहून उंच असते. चेंडू झेलणाऱ्या मुलाचा हात पायांपेक्षा लांब असतो, कारण चेंडू झेलताना सगळं काही त्या हातात असतं. व्हिएन्नात अंध मुलांना शिकवणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी हे फार बारकाईनं पाहिलं होतं. मातीत आकृत्या घडवताना ही मुलं ज्या अवयवात भावना दाटलेली असेल तोच मोठा करत. यावरून त्यांनी मांडलं की काही जण डोळ्यांनी जग टिपतात, तर काही जण शरीरानं, स्पर्शानं. दुसऱ्या प्रकारच्या मुलाची आकृती ‘प्रमाणात’ नसते, पण ती खोटीही नसते. नाझी राजवटीमुळे १९३८ साली लोवेनफेल्ड यांनी ऑस्ट्रिया सोडलं आणि ते अमेरिकेत गेले. तिथे १९४७ साली आलेलं त्यांचं सर्जनशीलता आणि मनाच्या वाढीवरचं पुस्तक पुढे कितीतरी देशांतल्या कलाशिक्षकांनी वापरलं.

दहाव्या वर्षाची अडचण

नऊ-दहाव्या वर्षाच्या आसपास मूल बदलतं. ते शेजारच्या बाकावरच्या चित्राशी आपलं चित्र ताडून पाहू लागतं. आपण काढलेला घोडा घोड्यासारखा दिसत नाही, हे आता त्याला कळतं. काल चालत होतं ते आज चालत नाही. खोडरबराचा वापर याच वयात वाढतो. चित्रावर हात आडवा ठेवून ते झाकायची सवयही याच वयात लागते.

ही घसरण नव्हे, मुलाची नजर तयार झाल्याची खूण आहे. नजर हाताच्या पुढे गेली आणि मधे दरी पडली. भाषेत अशी दरी पडली तर आपण मुलाला शब्द देतो, वाचायला पुस्तकं देतो. गणितात पडली तर रीत दाखवतो. चित्रकलेत मात्र आपण निकाल देऊन मोकळे होतो: ‘याचा हात चांगला आहे, त्याला नाही जमत.’ चांगला हात असलेली चार मुलं वार्षिक संमेलनाचे फलक, वर्गाची सजावट आणि स्पर्धा यांच्या कामाला लागतात. उरलेली चाळीस मुलं त्यांना कागद पुरवतात.

मग मुलं तयार आकारांचा आधार घेतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवता सूर्य, तिथून निघालेली नदी, काठावर कौलारू झोपडी आणि नारळाचं झाड, आकाशात इंग्रजी एम अक्षरासारखे पक्षी. सोलापुरातल्या मुलाच्या वहीत हेच आणि मालवणातल्या मुलाच्याही वहीत हेच. सोलापूरकरानं असा डोंगर कधी पाहिलेला नसतो. मालवणच्या मुलाला समुद्र रोज दिसतो, तरी त्याच्या चित्रात नदी असते. हे चित्र मुलं स्वतःहून शोधत नाहीत. ते मोठी भावंडं, शिकवणीच्या ताई, फळा आणि छापील वह्या यांच्याकडून आलेलं असतं. ते चुकत नाही, म्हणून आवडतं. एकदा हात बसला की झाडाकडे बघायची गरजच उरत नाही.

तासाचा इतिहास

आपल्या शाळांमधला चित्रकलेचा तास असा का झाला, याचं उत्तर लंडनमध्ये सापडतं. १८५१च्या भव्य औद्योगिक प्रदर्शनात इंग्लंडच्या धुरीणांच्या लक्षात आलं की आपला माल यंत्रावर भरपूर निघतो, पण त्याची घडण आणि नक्षी इतर देशांच्या तुलनेत फिकी पडते. कारागिरांचा डोळा आणि हात तयार करायला हवा, असं ठरलं. हेन्री कोल यांच्या देखरेखीखाली साउथ केन्सिंग्टनची शिक्षणपद्धती आकाराला आली. तिचे २३ टप्पे होते. आधी सरळ रेघा आणि भौमितिक आकार, मग छापील नक्षीची हुबेहूब नक्कल, मग प्लास्टरचे साचे, आणि फार पुढे जिवंत माणूस. स्वतःच्या मनातलं काही काढायची वेळ कुणावर आलीच, तर अगदी शेवटी.

हिंदुस्थानातल्या कलाशाळांवर या पद्धतीची छाप पडली. मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ साली एक लाख रुपयांची देणगी दिली आणि १८५७ साली त्यांच्या नावाच्या कलाशाळेचे वर्ग सुरू झाले. लॉकवुड किपलिंग, जॉन ग्रिफिथ्स अशी माणसं तिथे शिकवायला आली. या शाळेचं श्रेय मोठं आहे. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या लेण्यांत राहून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्या निमित्तानं आपल्याकडच्या चित्रकारांच्या एका पिढीनं अजिंठा जवळून पाहिला. नक्कल करण्यानं शिकता येतं, याचा याहून चांगला दाखला नाही. पण तिथे नक्कल होती ती थोर चित्राची, आणि करणारे वयानं मोठे, चित्रकार व्हायला आलेले विद्यार्थी होते. तीच शिस्त दहा वर्षांच्या मुलाला लावली की तिचा अर्थ बदलतो.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांची प्रमाणपत्रं फाइलमध्ये जपलेली असतात. कला संचालनालयाच्या या परीक्षांनी एक चांगलं काम केलं: खेड्यापाड्यांतल्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक हवा, याला आधार दिला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन ही रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. पाहणं, आठवणं, कल्पना करणं आणि मोजणं या चारही गोष्टी तिच्यात आहेत.

बिघडलं ते तयारीत. स्मरणचित्राला ‘भाजी मंडई’, ‘बसस्टॉप’, ‘गणपती विसर्जन’ असे विषय येतात. मुलानं डोळे मिटून आपल्या गावचा बाजार आठवावा, अशी अपेक्षा. पण क्लासमध्ये तयार आकृत्या घोटून घेतल्या जातात. डोक्यावर टोपली घेतलेली बाई, पाठमोरा सदरा-टोपीवाला, फुगा धरलेला मुलगा, सायकलवाला. मंडई आली तर टोपलीवाली पुढे, विसर्जन आलं तर तीच गर्दीत. लासलगावच्या मुलाच्या बाजारात कांदा नसतो आणि वसईच्या मुलीच्या बाजारात कोळीण नसते. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर ही तयारी आणखीच मोजूनमापून होते.

आणि मुळात तास मिळतो किती? ‘कला, क्रीडा, कार्यानुभव’ हे त्रिकूट वेळापत्रकात असतं, पण सहामाही जवळ आली की गणिताचे सर तो तास मागून घेतात. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासोबतच्या कलाविषयक टिपणानं दहावीपर्यंत कला सक्तीची असावी अशी शिफारस केली होती. शिफारशी कागदावर राहतात, आणि गणिताचा पोर्शन मात्र पुरा होतो.

व्हिएन्ना, डडली, सेवाग्राम

नकलेच्या शिस्तीला पहिला मोठा छेद व्हिएन्नात गेला. फ्रान्झ चिझेक हा तरुण चित्रकार एका सुताराच्या घरी भाड्यानं राहत होता. सुताराची मुलं त्याच्या खोलीत येऊन रंगांशी खेळत. त्यांची चित्रं पाहून चिझेक आणि त्याचे चित्रकार मित्र चकित झाले. १८९७ साली त्यानं मुलांसाठी कलावर्ग काढला. तिथे नमुने नव्हते, आधी गिरवायचे धडे नव्हते. मुलांनी यावं आणि स्वतःच्या मनातलं करावं. पहिल्या महायुद्धानंतर या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन इंग्लंडभर फिरलं आणि बालकलेची चळवळ उभी राहिली.

चिझेकची गोष्ट इथेच संपवली तर ती फार सोपी होते. त्या वर्गातली चित्रं आज एकत्र पाहिली की ती एकमेकांसारखी दिसतात. ठसठशीत बाह्यरेषा, नक्षीदार झाडं, गोबरे चेहरे, रंगांची सपाट पखरण. शिक्षकानं काहीच शिकवलं नाही असं म्हटलं, तरी कुठलं साहित्य दिलं, कुठलं चित्र भिंतीवर लावलं, कशाचं कौतुक केलं यांतून त्याची आवड मुलांपर्यंत पोचलीच. शिक्षक वर्गात असतो तेव्हा तो शिकवतच असतो. काय शिकवतोय याचं त्याला भान आहे की नाही, एवढाच फरक.

इंग्लंडमधल्या डडली गावातल्या मुलींच्या शाळेत १९१२ साली रुजू झालेल्या मॅरियन रिचर्डसन यांनी वेगळी वाट काढली. त्या मुलींना डोळे मिटून बसायला सांगत आणि एखादं दृश्य शब्दांत उभं करत: संध्याकाळची गल्ली, दुकानांतले दिवे, ओल्या रस्त्यावर पडलेला उजेड. मुलींच्या मनात चित्र पुरेसं ठळक झालं की मगच कागद हाती येई. तेच दृश्य ऐकलेल्या प्रत्येक मुलीचं चित्र निराळं येई. १९१७ साली रिचर्डसन ही चित्रं घेऊन लंडनला गेल्या आणि रॉजर फ्रायसारख्या नामांकित समीक्षकानं ती उचलून धरली. आपल्या स्मरणचित्राच्या पेपरला नेमकी हीच पूर्वतयारी हवी आहे. तिला खर्च शून्य आणि वेळ दहा मिनिटं.

तिसरं उदाहरण वर्ध्याजवळचं आहे. १९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली: हातानं करायच्या उत्पादक कामातून शिक्षण. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली तयार झालेले देवी प्रसाद १९४४ साली सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२पर्यंत तिथे राहिले. कताई, शेती आणि सफाई यांच्या वेळापत्रकात चित्रकलेला जागा कुठली, असं कुणालाही वाटलं असतं. देवी प्रसादांनी कलेला वेगळा कप्पा मानलंच नाही. ते स्वतः कुंभारकाम करत. मुलांनी रोजच्या जगण्यातलं पाहावं, सण-उत्सवांची सजावट स्वतः करावी, चित्रं काढावीत आणि या सगळ्यांतून त्यांच्या मनाची घडी बसावी, असा त्यांचा आग्रह होता. कला हाच शिक्षणाचा पाया आहे, हे त्यांनी पुढे पुस्तकातूनही मांडलं. ज्याला आतून काही घडवायला मिळतं त्याच्यातली मोडतोडीची ऊर्मी कमी होते, असं मानणारा हा माणूस सेवाग्रामनंतर लंडनला जाऊन युद्धविरोधी संघटनेचं काम करत राहिला, यात मला सुसंगतीच दिसते.

एक तास, एक चप्पल

एवढं सगळं वाचून झाल्यावर पंचेचाळीस मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांत करायचं काय? असा एक तास घेऊन पाहता येईल.

वर्ग सहावीचा. फळ्यावर काहीही काढायचं नाही. प्रत्येकानं पायातली एक चप्पल किंवा बूट बाकावर, रद्दीच्या कागदावर ठेवायचा. पहिला हशा ओसरू द्यायचा. पाच मिनिटं पेन्सिलीला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं आणि उत्तरं द्यायची. टाच कुठे जास्त झिजलीय, आतून की बाहेरून? अंगठ्याचा ठसा उमटलाय का? पट्टा तळव्यात शिरतो तिथे नेमकं काय आहे? चांभारानं घातलेला टाका कुठल्या रंगाच्या दोऱ्याचा आहे? ज्याला आपली चप्पल तोंडपाठ आहे असं वाटत होतं, त्याला पहिल्यांदाच ती दिसते.

मग बॉलपेननं चित्र, पान भरून. खोडरबर दप्तरात, कारण निम्मा तास तोच खातो. कुणीतरी चपलेचं ठरावीक चिन्ह काढणारच: इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा तळवा आणि त्यावर एक व्ही. अशा मुलाचं चित्र शिक्षकानं स्वतःच्या पेननं दुरुस्त करू नये. तसं केलं तर चित्र शिक्षकाचं होतं आणि मुलाची खात्री पटते की आपल्याला येत नाही. त्याऐवजी म्हणावं, ‘पट्टा बोटांच्या मधे कुठे शिरतो ते चपलेवर बोट ठेवून दाखव. बरं, आता चित्रात तीच जागा दाखव.’ मूल दोन्हीकडे पाहतं, थांबतं आणि आधीच्या रेघेशेजारी दुसरी रेघ मारतं. पहिली रेघ तशीच राहते. राहू द्यावी. त्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या तासाला झालेलं शिक्षण.

पुढच्या आठवड्यात त्याच चपलेचा दुसरा भाग. ही चप्पल काल कुठे कुठे गेली आणि तिच्या उंचीवरून तिला काय दिसलं, ते काढायचं. आता बाजारातल्या माणसांचे फक्त पाय दिसतात, कुत्रा डोंगराएवढा होतो, बाकाखालचं जग मोठं होतं. मागच्या तासाला नीट पाहिलेलं या तासाला कल्पनेच्या कामी येतं. निरीक्षण आणि कल्पना यांचं वैर आहे, हा समज इथेच गळून पडतो.

रंगांचंही तसंच. रंगपेटीतला एकच हिरवा झाडाला फासायची सवय मोडायला भाषणाची गरज नाही. आंब्याची तांबूस कोवळी पालवी, केळीचं पान, कडुलिंबाची डहाळी आणि चिकूचं जून पान अशी चार पानं प्रत्येक गटाला द्यावीत. पेटीत पिवळा, निळा आणि लाल एवढेच रंग ठेवावेत. प्रत्येक पानाशेजारी त्याचा रंग बनवून लावायचा. पोपटी कसा करायचा ते मुलांना लगेच सापडतं. जून पानाचा गडद हिरवा करायला त्यात कणभर लाल घालावा लागतो, हे सापडायला वेळ लागतो, आणि ज्याला सापडतं तो अख्ख्या वर्गाला सांगत सुटतो.

साहित्याच्या खर्चाची सबब फारशी टिकत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी भागात बालवाड्या चालवताना महागड्या साधनांच्या जागी बिया, पानं, शंख-शिंपले, खडे वापरले. गेरू, चुना, कोळसा, हळद, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, पाटी आणि शाळेच्या अंगणातली माती एवढ्यावर वर्षभराचा अभ्यास होतो.

त्याच भागातल्या वारली चित्रांचा शाळेत होणारा वापर मात्र तपासून पाहायला हवा. शाळेची भिंत, फाइलची कड, हस्तकलेची वही, सगळीकडे त्रिकोणी माणसं फेर धरतात. मुळात लग्नात भिंतीवर देवचौक लिहिणं हे वारली बायकांचं काम होतं. १९७०च्या दशकात ही चित्रं कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे यांनी त्यांतून मासेमारीचं अजस्र जाळं, मुंग्यांची वारुळं, आपलं सगळं जग मांडलं. मशे यांनी परंपरेची भाषा घेतली आणि स्वतःचं सांगितलं. मुलांना दोन त्रिकोणांचा माणूस दाखवायला काहीच हरकत नाही. तेवढ्यावर थांबू नये. त्याच भाषेत त्यांनी आपला एसटी स्टँड, शाळेची घंटा झाल्यावरची पळापळ किंवा नळावरची रांग काढली तर नकलेची पुढची पायरी चढली.

जिथे कुणी ‘येत नाही’ म्हणत नाही

दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातल्या कितीतरी अंगणांत आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत मुलं किल्ला करतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर पोती, वर चिखलाचा थर. बुरूज थापून बसवायचे, पायऱ्या काडीनं कोरायच्या, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणायची. तळ्याला जुन्या आरशाचा तुकडा. हे शिल्प आहे, वास्तुरचना आहे आणि इतिहासाचा अभ्यासही आहे. शाळेत ‘मला चित्र येत नाही’ म्हणणारा मुलगा इथे तटबंदीचं वळण कसं घ्यायचं यावर तावातावानं भांडत असतो.

बाजारातून आणलेला मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि सिंहासनावरचे महाराज दरवाजात मावत नाहीत, याची कुणाला फिकीर नसते. लोवेनफेल्ड यांनी सांगितलेलं महत्त्वाचं माप इथे आपोआप लागू होतं. काम गटात होतं, फसलेला बुरूज पाडून पुन्हा थापता येतो, गुण मिळत नाहीत आणि आजूबाजूची माणसं थांबून बघतात. अलीकडे तयार किल्ले विकत मिळू लागलेत. त्यांत सगळं प्रमाणात असतं, मुलांना करायला मात्र काही उरत नाही.

भोंडल्याचा हत्ती, पोळ्याचे मातीचे बैल, दारातली रांगोळी यांतही हेच सापडतं. कलाशिक्षकानं इथून एक गोष्ट जरूर उचलावी: कामाला खरं निमित्त हवं आणि पुन्हा करून पाहायची मुभा हवी.

चित्र बघायचं कसं

मूल चित्र घेऊन आलं की मोठ्यांच्या तोंडून दोनच वाक्यं निघतात. ‘हे काय काढलंयस?’ किंवा ‘अरे वा, छान!’ पहिल्यानं चित्र ओळखू येत नाही असं कळतं. दुसऱ्यानं काहीच कळत नाही. त्यापेक्षा दिसतं ते बोलावं. ‘हा कोपरा एवढा गडद केलास, तिथे काय चाललंय?’ ‘आजी एवढी मोठी आणि बाकीचे छोटे का?’ मूल बोलू लागतं, आणि कधी कधी चित्रात नसलेलं बरंच काही सांगून जातं. सांगायचं नसेल तर नको, हेही त्याला कळू द्यावं.

चित्रामागे तारीख लिहून वर्षभराची चित्रं एका फाइलमध्ये ठेवली तर मूल्यमापनाचं निम्मं काम तीच करते. जूनमधली पंगत आणि मार्चमधली पंगत शेजारी ठेवली की मुलाला आपली वाढ स्वतःच दिसते. शेजारच्या बाकाशी तुलना करण्यापेक्षा ही तुलना त्याच्या उपयोगाची. स्पर्धांचं प्रमाणही आवरावं. बक्षिसाच्या चित्रात आईचा हात, काकाची रेघ आणि क्लासच्या ताईंची छटा कुठे आहे, हे परीक्षकांना पहिल्या नजरेत कळतं.

या वर्गातली फार थोडी मुलं चित्रकार होतील. बाकीची शेती करतील, दुकान चालवतील, नर्स होतील, कोडिंग करतील. सुताराला कपाटाचा आराखडा काढून दाखवणं, घर बांधताना खिडकी कुठे हवी ते ठरवणं, रुग्णाच्या चेहऱ्यावरचा बदल टिपणं, ही कामं त्यांना करावीच लागतील. नीट पाहण्याची आणि पाहिलेलं आपल्या पद्धतीनं मांडण्याची सवय त्यांना तिथे उपयोगी पडेल. शिवाय मनात साठलेलं बाहेर काढायला शब्दांखेरीज एक वाट असणं, हे कुठल्याही वयात मोलाचं असतं.

पालकसभेला शाळेत गेलात तर वर्गाच्या भिंतीवर लावलेली चित्रं एकदा रांगेनं पाहा. चाळीसच्या चाळीस सारखी असतील तर ती एकाच माणसानं, म्हणजे शिक्षकानं, काढलेली आहेत. सगळी वेगळी आहेत, पण एकातही कुणी काही निरखून पाहिल्याची खूण नाही, तर मुलांच्या हाती कागद देऊन त्यांना वाऱ्यावर सोडलेलं आहे. सगळी वेगळी असतील आणि प्रत्येकात एखादी तरी गोष्ट अशी असेल जी त्या मुलानंच पाहिली असणार, तर मुख्याध्यापकांना भेटा आणि चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका, एवढं सांगून या.